निफाड: २० पॅनेल, ३२ सेलची एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) बॅटरी, जोडणी स्वतः करायची आहे. आराखडा तपासून द्याल का?

द्राक्षमळा:

नमस्कार मंडळी. घर मळ्यात आहे, सिंगल फेज. विहिरीची मोटर शेतीच्या थ्री फेजवर वेगळी आहे, ती यात धरलेली नाही. घराचा वापर रोज साधारण २५ युनिट, त्यातले १२-१३ दिवस मावळल्यानंतरचे. लाइट गेली की कधी दोन तासांत येते, कधी रात्रभर येत नाही.

ठरवलंय ते असं. ५५० वॅटची २० पॅनेल, १०-१० च्या दोन स्ट्रिंग, म्हणजे सिरीजमध्ये जोडलेल्या माळा (पाटीवर व्हीओसी म्हणजे लोड नसतानाचं व्होल्टेज ४९.५, व्हीएमपी आणि आयएमपी म्हणजे पूर्ण ताकदीवरचं व्होल्टेज ४१.५ आणि प्रवाह १३.२५). ४८ व्होल्टचे ५ किलोवॅटचे दोन ऑफग्रिड इन्व्हर्टर पॅरलल, प्रत्येकाच्या सोलर इनपुटची कमाल मर्यादा ५०० व्होल्ट. ३.२ व्होल्ट, २८० एएचचे (अँपिअर-तास) ३२ एलएफपी सेल, दोन-दोन पॅरलल करून १६ सिरीज, त्यावर एकच २०० अँपिअरचा बीएमएस (सेलवर लक्ष ठेवून बॅटरी तोडणारं सर्किट). बॅटरी ते इन्व्हर्टर २५ स्क्वेअरची (चौरस मिलिमीटर) तांब्याची तार, मध्ये १२५ अँपिअरचा नेहमीचा एमसीबी. पॅनेलचा सांगाडा स्लॅबवर काँक्रीटचे सुटे ठोकळे ठेवून. सेल आले आहेत, बाकी काहीच घेतलेलं नाही. चुकतंय कुठे?

तारजोड:

पहिली चूक स्ट्रिंगमध्ये आहे, आणि ती महागात पडणारी आहे. १० गुणिले ४९.५ म्हणजे ४९५ व्होल्ट, म्हणून मर्यादेत बसतंय असं वाटतं. पण पाटीवरचा आकडा २५ अंश तापमानाचा असतो. पॅनेल गार पडलं की व्होल्टेज चढतं. मोनो पर्क पॅनेलचा गुणक दर अंशाला साधारण ०.२७ टक्के. निफाडचा पारा जानेवारीत कुठवर उतरतो ते तुम्हाला सांगायला नको, हिशोब ० अंश धरूनच करा. २५ अंशांचा फरक म्हणजे पावणेसात टक्के वाढ, म्हणजे ४९५ चे ५२८ व्होल्ट. थंडीतल्या सकाळी ऊन नुकतं पॅनेलवर पडलेलं असतं, इन्व्हर्टरने अजून लोड उचललेला नसतो, त्या वेळी हा पूर्ण व्हीओसी इनपुटवर येऊन बसतो. इनपुटचे कपॅसिटर आणि मॉसफेट तिथेच जातात आणि वॉरंटीत हे बसत नाही, कारण मर्यादा ओलांडल्याची नोंद बहुतेक इन्व्हर्टरमध्ये राहते.

९ पॅनेलची स्ट्रिंग करा. थंडीत ४७६ व्होल्ट. मे महिन्यात पॅनेलचा पत्रा ७० अंशांवर गेला तरी चालू व्होल्टेज ३१० च्या आसपास राहतं, एमपीपीटीला (इन्व्हर्टरमधला पॅनेलची पूर्ण ताकद काढणारा भाग) ते पुरेसं आहे. दोन स्ट्रिंग मिळून १८ पॅनेल, ९.९ किलोवॅट, एकेका इन्व्हर्टरला एकेक स्ट्रिंग. उरलेली दोन घेऊच नका, तिसरी लहान स्ट्रिंग पॅरलल जोडायचा मोह टाळा.

चांगल्या उन्हात किलोवॅटमागे दिवसाला ४ युनिट धरले तर ४० युनिट निघतील. २५ च्या वापराला भरपूर. पण जुलै-ऑगस्टमध्ये सलग ढगाळ दिवस आले की १२ ते १५ वर समाधान मानावं लागतं. त्या दोन महिन्यांसाठी ग्रिडवरून चार्जिंग चालू ठेवा, त्यासाठी पॅनेल वाढवू नका. कोन २० अंश, तोंड दक्षिणेला.

स्ट्रिंगची तार ४ स्क्वेअरची सोलर डीसी केबल. छतापासून इन्व्हर्टर २५ मीटरवर असला तरी घट तीन-साडेतीन व्होल्टच, एक टक्क्याच्या आत. पॅनेलच्या तारा जोडायचे एमसी४ कनेक्टर दोन्ही बाजूंना एकाच कंपनीचे हवेत. वेगवेगळ्या कंपन्यांचे एकमेकांत बसतात, पण आतली पिन नीट धरत नाही, सांधा तापतो आणि वितळतो. छतावरच्या आगी बऱ्याचदा इथूनच लागतात. क्रिम्पिंग एमसी४ च्या साच्याच्या पक्कडीनेच करा.

एलएफपी_सोळा:

बॅटरीचं मी सांगतो.

दोन-दोन सेल पॅरलल करून एकच बँक करू नका. १६-१६ च्या दोन स्वतंत्र बँका करा, प्रत्येकीला आपला बीएमएस आणि आपला फ्यूज. एका बँकेत ५१.२ व्होल्ट गुणिले २८० म्हणजे १४.३ युनिट, दोन मिळून २८.७. पॅरलल जोडीत एक सेल कमकुवत झाला तर बीएमएसला जोडीचंच व्होल्टेज दिसतं, चांगला सेल वाईटाला झाकत राहतो. शिवाय एक बीएमएस बंद पडला की घर अंधारात. दोन बँका असल्या की एक काढून दुरुस्त करता येते. तेवढा वेळ लोड ५ किलोवॅटच्या आत ठेवा. १० किलोवॅटला बॅटरीतून सव्वादोनशे अँपिअर लागतात, एका बँकेचा २०० चा बीएमएस ते देणार नाही, आणि या सेलचा रोजचा आरामाचा प्रवाह १४० आहे.

आता एमसीबी. हा मुद्दा दोनदा वाचा. एका सेलचा आतला रोध ०.२ मिलीओहमच्या आसपास. १६ सेल, बसबार (जोडपट्ट्या), सांधे आणि तार धरून ५ मिलीओहम होतात. शॉर्ट झालं तर ५३ भागिले ०.००५, म्हणजे दहा हजार अँपिअरच्या वर. घरातल्या एमसीबीवर लिहिलेले १० केए हे एसीसाठी असतात. एसीत प्रवाह सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो, त्यामुळे ठिणगी आपोआप विझते. डीसीत तो शून्यावर येतच नाही, संपर्क उघडले तरी ज्वाला तशीच उभी राहते आणि एमसीबी वितळतो. सेलच्या बाजूला क्लास टी फ्यूज किंवा डीसी रेटिंग छापलेला एनएच प्रकारचा एचआरसी फ्यूज लावा, प्रत्येक बँकेला २०० अँपिअरचा, पॉझिटिव्ह टोकाच्या जितका जवळ बसेल तितका. गाडीत वापरतात तसले पट्टीचे फ्यूज या कामाला चालत नाहीत, इतका प्रवाह तोडण्याची त्यांची ताकद नसते.

तार २५ स्क्वेअरची कमी पडते. ५ किलोवॅटला ४८ व्होल्टवर, इन्व्हर्टरची घट धरून, ११५ अँपिअर लागतात. इन्व्हर्टर ते बसबार ५० स्क्वेअर आणि १६० चा फ्यूज, बँक ते बसबार ७० स्क्वेअर. मऊ, बारीक तारांची केबल घ्या. दोन्ही बँकांच्या केबल लांबीला सारख्या, दोन्ही इन्व्हर्टरच्याही सारख्या, नाहीतर जवळची बँक जास्त राबते. लग (तारेच्या टोकाचा तांब्याचा डोळा) हायड्रॉलिक क्रिम्परनेच दाबा. एका सांध्यात १ मिलीओहम जरी राहिला तरी ११५ अँपिअरला तिथे १३ वॅट उष्णता तयार होते, तीही सतत.

टॉप बॅलन्सिंग (सगळे सेल पूर्ण भरून एका पातळीवर आणणं) केल्याशिवाय बँक चालू करू नका. सेल अर्धवट चार्ज होऊन येतात, ३.२९ व्होल्टच्या आसपास. या टप्प्यात एलएफपीचा आलेख इतका सपाट असतो की मीटरवर सगळे सारखे दिसतात, प्रत्यक्षात चार्जमध्ये दहा टक्क्यांचा फरक असू शकतो. सरळ १६ सेल पॅरलल करून १० अँपिअरच्या बेंच सप्लायवर लावले तर २२४० एएच भरायला नऊ-दहा दिवस लागतील. म्हणून आधी बीएमएस लावून सिरीजमध्येच इन्व्हर्टरवर चार्ज करा. पहिला सेल ३.५ ला पोचला की थांबा, जोडणी सोडा, मग सगळे पॅरलल करून ३.६० व्होल्टवर ठेवा. प्रवाह एक-दोन अँपिअरवर आला की झालं. सप्लायचं व्होल्टेज तारा जोडण्याआधी लावायचं, आणि काम लवकर व्हावं म्हणून ते वाढवायचं नाही. सेल फुगतात ते इथेच.

सेलच्या मध्ये अर्धा ते एक मिलिमीटरचा इपॉक्सी शीट घाला. ॲल्युमिनियमचं कवच पूर्ण निर्विद्युत नसतं आणि निळं प्लास्टिक घासून फाटतं. दोन्ही टोकांना जाड प्लेट, चार कोपऱ्यांना आटे पाडलेले एम८ रॉड. या आकाराच्या सेलला सुमारे ३०० किलोचा दाब सांगितलेला असतो, म्हणजे रॉडमागे ७५ किलो. आवळताना चेपू नका. टर्मिनल आणि बसबार बारीक स्क्रबरने घासून लगेच जोडा, ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा थर मिनिटांत येतो. एम६ स्टडला ४ ते ६ न्यूटन-मीटर, टॉर्क पान्यानेच. आवाज येईपर्यंत आवळायची सवय इथे स्टड उपटते.

सेटिंग: इन्व्हर्टरला चार्ज ५५.२, फ्लोट ५३.६, कट-ऑफ ४९. बीएमएसला सेलची वरची मर्यादा ३.६०, खालची २.८०, बॅलन्सिंगची सुरुवात ३.४२ नंतर. बॅलन्सर त्याआधी चालू ठेवला तर सपाट भागातल्या खोट्या फरकावर तो काम करतो आणि जमलेला बॅलन्स बिघडवतो.

वायरमन_दिंडोरी:

वरचं सगळं बरोबर. इन्व्हर्टरबद्दल एक भर. ५ किलोवॅटचा इन्व्हर्टर नुसता चालू राहायला ५०-६० वॅट खातो. दोन मिळून दिवसाला पावणेतीन युनिट, तुमच्या वापराच्या दहावा हिस्सा. घरात एका वेळी ४ किलोवॅटच्या वर लोड क्वचितच जात असेल तर एकाच ८ किंवा १० किलोवॅटच्या, दोन एमपीपीटीवाल्या इन्व्हर्टरचे आकडे ताडून पाहा. एलएफपी_सोळा यांना पटेल न पटेल, पण मला पॅरललचं ओझं कमी वाटत नाही.

सांगाड्याचं मात्र गंभीर आहे. नाशिक भागासाठी आय.एस. ८७५ या इमारतींवरच्या भाराच्या भारतीय मानकात वाऱ्याचा मूळ वेग ३९ मीटर प्रति सेकंद आहे. ०.६ गुणिले ३९ चा वर्ग म्हणजे चौरस मीटरला ९०० न्यूटनच्या वर, साधारण ९३ किलो. ५५० वॅटचं पॅनेल २.५८ चौरस मीटरचं, म्हणजे एका पॅनेलवर २४० किलो. अठरांवर सव्वाचार टन, तेही उंची-आकाराचे गुणक न धरता. एक फूट बाय एक फूट बाय एक फुटाचा काँक्रीटचा ठोकळा ६८ किलोचा. वळवाच्या वाऱ्यात सुटे ठोकळे सांगाड्यासकट उचलले जातात. ठोकळे स्लॅबच्या सळईला बांधून ओता किंवा स्लॅबमध्ये केमिकल अँकर घ्या. भोकं घ्याल तिथलं वॉटरप्रूफिंग त्याच दिवशी पूर्ण करा, पावसाळ्यावर ढकलू नका. नट-बोल्ट स्टेनलेस, सांगाडा हॉट डिप गॅल्वनाइज्ड, वेल्डिंग केलेल्या जागी झिंक पेंट.

अर्थिंग तीन: आकाशातली वीज झेलणाऱ्या तारेला (लाइटनिंग अरेस्टर) एक, पॅनेलच्या फ्रेम आणि डीसी एसपीडीला (जास्तीच्या व्होल्टेजचा झटका जमिनीत सोडणारं उपकरण) एक, एसीला एक. रोध ५ ओहमच्या आत मोजून घ्या, तोही मे महिन्यात, जमीन कोरडी असताना. फ्रेमवर ॲनोडायझिंगचा थर असतो, तो वीज वाहू देत नाही. दातेरी वॉशर लावून तो फोडावा लागतो. पॅनेलची निगेटिव्ह तार अर्थ करू नका, ट्रान्सफॉर्मर नसलेले इन्व्हर्टर त्याने जळतात.

द्राक्षमळा:

सगळ्यांचे मनापासून आभार. ९ ची स्ट्रिंग आणि दोन बँका पक्क्या. अजून तीन विचारतो. महावितरणची परवानगी लागेल का, आणि अनुदान मिळेल का? इन्व्हर्टरवर चालताना आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) काम करेल का? बॅटरी पत्र्याच्या शेडमध्ये ठेवली तर?

तारजोड:

तुमचा इन्व्हर्टर ग्रिडशी समांतर चालत नसेल, फक्त चार्जिंग आणि बायपाससाठी ग्रिड घेत असेल, तर तो घरातल्या साध्या इन्व्हर्टरसारखाच. पण ग्रिडशी सिंक होणारा हायब्रीड घेतलात तर 'झीरो एक्स्पोर्ट' (ग्रिडला वीज न देण्याची सेटिंग) लावूनही महावितरणकडे अर्ज करा. लाइनवर वायरमन काम करत असतो, हा प्रश्न त्याच्या जिवाचा आहे.

पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅट आणि त्यावर ७८,००० रुपये मिळतात, पण काम नोंदणीकृत विक्रेत्याकडून आणि देशी सेलच्या पॅनेलवरच हवं. स्वतः जोडलेल्या सिस्टिमला ते मिळत नाही. दोन्ही हवं असेल तर ३ किलोवॅट नेट मीटरिंगचं वेगळं, विक्रेत्याकडून घ्या आणि बॅटरीची सिस्टिम स्वतंत्र ठेवा. पण त्या ऑनग्रिड इन्व्हर्टरचं आउटपुट या ऑफग्रिडच्या आउटपुटवर जोडू नका. बॅटरी भरली की जास्तीच्या विजेला जायला जागा उरत नाही आणि व्होल्टेज चढतं.

वायरमन_दिंडोरी:

आरसीसीबीचं. लाइट नसताना बऱ्याच इन्व्हर्टरचा आउटपुट न्यूट्रल अर्थपासून सुटा असतो. मग फेजची गळती परत जायला वाट नसते आणि ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी बसूनच राहतो. टेस्ट बटण दाबून तो पडतो, पण त्यावरून काही सिद्ध होत नाही, कारण ते बटण फेज-न्यूट्रलमध्येच रोध जोडतं. इन्व्हर्टरच्या सेटिंगमध्ये न्यूट्रल-अर्थ जोडणीचा रिले असेल तर तो चालू करा, बॅटरीवर असताना बाँड आणि ग्रिडवर आल्यावर सुटा. नसेल तर बाहेरून काँटॅक्टर लावा. चेंजओव्हर डबल पोलच घ्या, न्यूट्रलही बदलला पाहिजे. चालू केल्यावर मेन बंद करून, बॅटरीवर असताना, सॉकेटमध्ये फेज ते अर्थ गळती देणाऱ्या टेस्टरने तपासा.

एलएफपी_सोळा:

पत्र्याची शेड नको. मे महिन्यात आत ४५ च्या वर जाईल, सेलचं आयुष्य तिथेच झिजतं. उत्तरेकडची विटांची भिंत, खालून-वरून हवा खेळणारं लोखंडी कपाट, झोपायच्या खोलीपासून आणि जिन्यापासून दूर. एका बँकेचे सेलच ८६-८७ किलोचे होतात, कपाटाचा तळ त्या हिशोबाने. फटींना बारीक जाळी ठोका आणि डीसी केबल पाइपातूनच न्या. मळ्यात उंदीर आधी तिथेच पोचतात.

दोन बँका बसबारवर एकत्र आणताना दोन्ही पूर्ण भरलेल्या असताना आणा, फरक ०.१ व्होल्टच्या आत. आणि इन्व्हर्टरला पहिल्यांदा बॅटरी जोडण्याआधी ३०-५० ओहम, २५ वॅटच्या रोधातून काही सेकंद कपॅसिटर भरून घ्या. तसंच सरळ जोडलं तर मोठी ठिणगी पडते, लग काळा होतो आणि काही बीएमएस त्या धक्क्याला शॉर्ट समजून बंद पडतात.