मदत हवी आहे: पेव्हरच्या फटीतलं आणि वाफ्यातलं गवत मरेना, गणपतीच्या आत घालवायचंय

अनगोळकर_४४:
नमस्कार. बेळगावात अनगोळला घर आहे. फाटकापासून ओट्यापर्यंत पेव्हरची वाट, दोन्ही बाजूंना फुलझाडांचे वाफे. यंदा पाऊस सुरू झाल्यापासून नुसतं गवत माजलंय. दोनदा उपटलं, एकदा औषध मारलं, एकदा मीठ पण टाकून बघितलं. आठ दिवसांत परत हिरवंगार. गणपतीला बावीस दिवस राहिले. धाकटा भाऊ पुण्याहून बायकापोरांना घेऊन येणार आणि आई रोज सकाळी चहाचा कप हातात धरून त्या वाफ्याकडं बघत बसते, काही बोलत नाही. एकदा मारलं की परत उगवणार नाही असं औषध असेल तर फक्त नाव सांगा. 'सेंद्रिय करा, धीर धरा' हे नको.

चिकोडी_ऊसवाला:
ग्लायफोसेट घ्या, त्यात टू-फोर-डी मिसळा, वर मूठभर युरिया. आमच्या बांधावर दहा दिवसांत वाळून काडी होतंय. एवढं विचारायला काय आहे त्यात?

खुरपं_आणि_चहा:
ऊसवाले, थांबा जरा. अनगोळकर, गवत कुठलं ते सांगितलंच नाही तुम्ही. वाफ्यात झाडं कुठली आहेत? औषध कुठलं मारलं, कधी मारलं? फोटो टाका.

अनगोळकर_४४:
गवत म्हणजे गवत हो. बारीक पानाचं, हिरवं. फोटो टाकायला येत नाहीये इथं. झाडं नेहमीचीच: मोगरा, जास्वंद, गुलाब, शेवंती.

पर्यावरणप्रेमी_गोकाक:
हे नक्की काँग्रेस गवत असणार! त्याला फवारणी नकोच. मेक्सिकोतून आणलेला झायगोग्रामा नावाचा भुंगा आहे, बंगळूरला १९८४ साली पहिल्यांदा सोडला. पावसाळ्यात पानं खाऊन गवताची नुसती चाळण करतो. रिकाम्या प्लॉटवरून भुंगे डब्यात गोळा करा आणि सोडा. आमच्या कॉलनीत मी स्वतः सोडलेत. सोबत अंगावर खाज, दमा यांची माहिती हवी असेल तर ती पण देतो.

खुरपं_आणि_चहा:
ते 'बारीक पान' म्हणताहेत. काँग्रेसचं पान गाजरासारखं कातरलेलं असतं. भुंगा इथं उपाशी मरेल.

जांबोटीचा_पाऊस:
अनगोळकर, एक काम करा. एक काडी बुंध्याशी तोडा आणि अंगठा-तर्जनीत धरून गोल फिरवा. गुळगुळीत गोल फिरली तर हरळी किंवा दुसरं कुठलं गवत. कडा लागल्या, तीन धारा जाणवल्या, तर तो लव्हाळा. मग खुरप्यानं हळू खणून मुळाशी बघा, काळपट गाठी आहेत काय.

अनगोळकर_४४:
आत्ता पावसात जाऊन बघून आलो. तीन कोनी आहे. खाली हरभऱ्याएवढ्या गाठी, काळ्या, एकीला एक दोऱ्यानं बांधल्यागत. एक ओढली तर दुसरी यायची, मधेच तुटायची. आमच्याकडं येणारे माळीकाका याला 'जेकु' म्हणत होते. मला वाटलं कानडीत गवतालाच म्हणतात.

जांबोटीचा_पाऊस:
जेकु म्हणजे लव्हाळाच. माळीकाकांनी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं म्हणायचं.

सुलभामावशी:
अहो त्या गाठी टाकू नका! धुऊन सावलीत वाळवा, दिवाळीला उटण्यात घाला. नागरमोथा तो. काय सुंदर वास असतो. बाजारात किती महाग मिळतो माहीत आहे का?

वैद्यांची_सून:
मावशी, बाजारात नागरमोथा म्हणून मिळतो तो बहुतेक वेळा सायपेरस स्कॅरिओसस. लव्हाळा म्हणजे सायपेरस रोटुंडस, त्याला मुस्ता म्हणतात. भाऊबंद आहेत, पण एक नव्हेत.

सुलभामावशी:
आमच्या सासूबाई हाच घालायच्या आणि त्यांची कातडी नव्वदीत तुमच्या-माझ्यापेक्षा बरी होती.

खुरपं_आणि_चहा:
उटणं दिवाळीत बघू. अनगोळकर, चारच प्रश्न, नीट उत्तर द्या. वाफ्यात माती बाहेरून आणली काय? खणलं कशानं? औषध मारल्यावर पाऊस किती वेळानं आला? आणि मीठ किती टाकलंत?

अनगोळकर_४४:
माती मे महिन्यात दोन ट्रॉली टाकली, तांबडी, कुठल्या तरी शेतातली. ती पसरायला ओळखीच्याचा पॉवर टिलर आणला, छान भुसभुशीत झाली. औषध चार वाजता मारलं, पाचला पाऊस. तिसऱ्या दिवशी गवत तसंच दिसलं म्हणून उपटून टाकलं. मीठ पाच किलोची पिशवी, वाटेवर. याचा औषधाच्या नावाशी काय संबंध?

खुरपं_आणि_चहा:
सगळा संबंध आहे. ट्रॉलीतून गाठी घरी आल्या. टिलरनं गाठींची माळ तुकडे-तुकडे केली, आणि जोडलेल्या माळेत ज्या गाठी गप्प पडून राहतात त्या सुट्या झाल्या की प्रत्येक जण कोंब काढतो. एका गवताची तुम्ही दहा केलीत, तेही भुसभुशीत गादीवर. फवारणीचं म्हणाल तर ग्लायफोसेट पानातून शिरून खाली गाठीपर्यंत उतरावं लागतं. तासाभरात पाऊस आला म्हणजे औषध गटारात गेलं. जे थोडं शिरलं असेल ते उतरायच्या आत तुम्ही पान उपटलं. त्याला पिवळं पडायलाच आठवडा-दहा दिवस लागतात.

चिकोडी_ऊसवाला:
मग मी काय सांगालोय? पाऊस नसताना मारा, परत मारू नका, झालं. टू-फोर-डीनं झटका बसतोय.

गुलाबांची_माहेरवाशीण:
ऊसवाले भाऊ, तुमचा ऊस वाचतो कारण ऊस स्वतःच गवताच्या जातीचा. टू-फोर-डी रुंद पानाला धरतं. वाफ्यात गुलाब, जास्वंद, मोगरा, सगळी रुंद पानाचीच. वाऱ्यानं नुसता तुषार गेला तरी शेंडे पिळवटतात. शेजाऱ्याच्या शेतातून आलेल्या तुषारानं माझ्या टोमॅटोची पानं चपलेच्या पट्ट्यासारखी झाली होती. त्या वर्षी सांबाराला टोमॅटो विकत आणला.

चिकोडी_ऊसवाला:
हुड लावून मारायचं की. पंपाला प्लॅस्टिकची टोपी मिळते. शहरातल्या लोकांना सगळ्याचीच भीती.

जांबोटीचा_पाऊस:
टोपीचं बरोबर आहे. पण ग्लायफोसेटची फवारणी फक्त पेस्ट कंट्रोलवाल्यांनीच करावी असा केंद्राचा आदेश २०२२च्या ऑक्टोबरात निघाला, हे पण सांगा.

चिकोडी_ऊसवाला:
दुकानात मिळतंय तोवर आदेश कागदावर.

अनगोळकर_४४:
मला दुकानदारानं पाण्याच्या बाटलीत सुटं दिलं होतं. लेबल नव्हतं. 'तणाचं आहे, मारा' म्हणाला. जास्वंदीची नवी पानं आता बारीक-बारीक, पिवळी यायलीत. ते त्यामुळंच काय?

गुलाबांची_माहेरवाशीण:
त्यामुळंच असणार. आणि बाटली! घरात लहान मुलं येणार म्हणता. उरलेलं कुठं ठेवलंय?

अनगोळकर_४४:
मोरीच्या कट्ट्यावर होतं. आत्ता उचलून वर कुलपात ठेवलं. चिठ्ठी चिकटवली.

खुरपं_आणि_चहा:
बरं केलंत. आत नक्की काय आहे तेच माहीत नाही. पॅराक्वाट नावाचं जहाल तणनाशक असलं तर त्याला उतारा नाही. ते आता वापरू नका, मोरीत ओतू पण नका. दुकानदाराला त्याचं त्याला परत नेऊन द्या आणि पुढच्या वेळी सीलबंद डबा, बिल आणि आतली माहितीची घडी घ्या.

शहापूर_ते_शारजा:
धागा छान चाललाय, पण शीर्षकात अनगोळ, मजकुरात बेळगाव. २०१४ पासून अधिकृत बेळगावी आहे ना?

सुलभामावशी:
शीर्षकात अनगोळ कुठं आहे? चष्मा लावा. आणि आमचं बेळगाव बेळगावच. पुढं बोला.

अनगोळकर_४४:
कृपा करून गवतावर बोला. आता मी करू काय? वीस दिवस राहिले.

खुरपं_आणि_चहा:
वाट आणि वाफा एका मापानं मोजू नका. वाट वीस दिवसांत होईल. वाफा होणार नाही, तुम्ही कितीही चिडा.

वाटेला: पाऊस उघडला की फटीतलं स्क्रू ड्रायव्हरनं किंवा वाकड्या पट्टीनं मुळासकट काढा. जे तुटेल त्यावर चहाच्या किटलीनं उकळतं पाणी, बारीक धारेनं, चार-पाच दिवसांनी पुन्हा. दुधी, आंबुशी असली बारकी तणं एकदोनदा ओतल्यावर संपतात. लव्हाळा परत येईल, पण मलूल येईल. मग फटी रिकाम्या ठेवू नका, खडीची भुकटी झाडूनं घोळवून ठासा. मोकळी फट म्हणजे बियाला कुंडीच. आणि मीठ बंद. कडेच्या मोगऱ्याची पानं बघा, टोकाला तपकिरी झाली असतील.

अनगोळकर_४४:
झालीत. मला वाटलं पाऊस जास्त झाला. आणि वाटेपासून पाच-सहा फुटांवर विहीर आहे, ते सांगायचं राहिलं.

गुलाबांची_माहेरवाशीण:
विहीर आहे हे सातव्या उत्तरात सांगतात, धन्य आहे.

जांबोटीचा_पाऊस:
वाफ्याचं मी सांगतो, आमच्याकडं हेच झालं होतं. लव्हाळ्याला सावली सोसत नाही. मी वाफ्यावर रताळ्याचे वेल दाबून टाकले. आपल्याकडं जून-जुलैत वेल कुणाच्याही शेतातून मिळतो, महिन्या-दीड महिन्यात जमीन दिसेनाशी होते. लव्हाळा पिवळा पडून वर मान काढायचा, तेवढाच उपटायचा.

चिकोडी_ऊसवाला:
आणि खालची रताळी? लव्हाळ्याचं टोक रताळ्यातून आरपार जातं. आमच्या पाहुण्यांची अख्खी रास अशी भोकं पडून आली होती.

जांबोटीचा_पाऊस:
ते खरं आहे. पण त्यांना रताळी विकायची नाहीत, वाफा झाकायचाय.

गुलाबांची_माहेरवाशीण:
गुलाबाच्या बुंध्याशी वेल नकोच, बुरशी येते. त्यापेक्षा ओला पुठ्ठा दोन थर, वर चार बोटं भाताचा तूस किंवा उसाचं पाचट. राईस मिलवाल्याला विचारा, तूस पोत्यानं मिळतो.

खुरपं_आणि_चहा:
पुठ्ठ्यालाही तो भोकं पाडतो, सुईसारखा कोंब असतो. प्लॅस्टिक मल्चिंग फाडून वर येतो, तर पुठ्ठ्याचं काय. पण जोर कमी होतो, शोभा दिसते आणि गणपतीपुरतं आईचं समाधान होतं. खरं काम पुढं आहे: दर दहा-बारा दिवसांनी, पाच-सहा पानं व्हायच्या आत काढायचा. पान फुटतं ते गाठीतल्या साठ्यावर. पुरेसा वाढला की तो नवी गाठ भरायला लागतो, त्याआधी गाठायचा. टिलर, कुदळ बंद, फक्त खुरपं. निघालेल्या गाठी खतखड्ड्यात नाही, पत्र्यावर कडक उन्हात. एप्रिल-मेमध्ये मोकळा भाग भिजवून पारदर्शक प्लॅस्टिक पाच-सहा आठवडे ताणून ठेवा, काळं नको. त्यानं वरच्या गाठी शिजतात, खोलवरच्या राहतात. दोन उन्हाळे धरा.

अनगोळकर_४४:
दोन उन्हाळे! शाळेत लव्हाळ्याची महती पाठ केली तेव्हा बरी वाटली होती.

सुलभामावशी:
अनगोळकर, माझा एक प्रश्न राहिला. त्यात हरळी आहे का थोडी? गणपतीला एकवीस दूर्वांच्या जुड्या लागतात. मी टिळकवाडीत असते, येऊन काढून नेईन. तेवढंच तुमचं तण कमी.

अनगोळकर_४४ (सतरा दिवसांनी):
ज्यांनी उत्तरं दिली त्यांना कळवतो. वाट साफ झाली. किटली आईची होती, तिनंच ओतलं, मला हात लावू दिला नाही. भुकटी चाळून फटीत भरली, पहिल्या पावसात थोडी वाहून गेली, परत भरली. वाफ्यात पुठ्ठा आणि तूस. काल सकाळी एका खोक्यातून, बरोबर 'सांभाळून हाताळा' लिहिलंय तिथून, तीन कोंब वर आलेत. काढले. बाटली दुकानदाराला परत दिली, तो म्हणाला 'एवढं काय घाबरता'. जास्वंदीची फांदी छाटली, खालून फूट चांगली आहे. ट्रॉलीवाला काल विचारून गेला, आणखी एक खेप टाकू काय म्हणून.

चिकोडी_ऊसवाला:
टाका म्हणायचं नाही ना?

सुलभामावशी:
दूर्वांचं राहिलंच. आहेत का नाहीत?

अनगोळकर_४४:
मावशी, विहिरीच्या कट्ट्यामागं आहेत. तिकडं औषधही गेलं नाही, मीठही नाही. रविवारी या, फाटक उघडंच असतं.