थ्रेशोल्डला 'मर्यादा' म्हणून माझी चूक झाली. मग काय म्हणावं?

दारव्हेकर
आमच्या गावच्या डांबरी रस्त्यावर रोज पहाटे पोलीस भरतीची तयारी करणारी पंधरा-वीस मुलंमुली धावतात. त्यांचा सराव नोंदवायला एक मोफत सॉफ्टवेअर वापरतो. त्यात प्रत्येकाच्या नावापुढे खेळागणिक 'थ्रेशोल्ड' भरायचा असतो: धावण्याचा वेगळा, सायकलचा वेगळा, पोहण्याचा वेगळा. त्याच्या मराठी भाषांतराचं काम मी अंगावर घेतलं आणि या रकान्याला 'मर्यादा' लिहून मोकळा झालो.

परवा ८०० मीटरच्या चाचणीत एका मुलीने शेवटच्या वळणावर पाय सोडले. विचारलं तर मनगटावरचं घड्याळ पुढे करून म्हणाली, "सर, ठोके १७८ वर गेले. माझी मर्यादा १७६ लिहिली आहे ना?"

रात्रभर मनाला लागून राहिलं. थ्रेशोल्ड म्हणजे थांबायची जागा नव्हे. तिथून पुढे रक्तात लॅक्टेट (जोराच्या श्रमात स्नायूंत तयार होणारा पदार्थ) निपटतं त्यापेक्षा लवकर साचत जातं, म्हणून तो जोर फार वेळ टिकत नाही, एवढंच. ८०० मीटर तर त्याच्या वरच धावायचे असतात. योग्य शब्द सुचवा. शनिवारी फाईल पाठवायची आहे.

देहलीदीप
उंबरठा! शब्दशः तोच अर्थ आहे आणि उंबरठा ओलांडायलाच असतो. 'उंबरठ्यावरचे ठोके', 'उंबरठ्यावरचा वेग' असं लिहा. 'उंबरठा वेग' असे शब्द नुसते शेजारी ठेवू नका, ती मराठीची घडण नाही.

पांदणवाट
ताई, धावतानी कोनी उंबरठा म्हनत नाई. आमी पोट्ट्यायले सांगतो, बोलता येते तोवर आरामाची धाव. वाक्य तुटाले लागलं का दम भरला. 'दम' हाच शब्द हाय आमचा. 'दमाचे ठोके' लिहा, कोनालेबी समजन.

देहलीदीप
भाऊ, दम म्हणजे दमाही होतो. दवाखान्याचा रकाना वाटेल.

पांदणवाट
'दम धर' म्हनतो तवा कोनाले दवाखाना आठवते? पुस्तकातला शब्द आनून पोरायच्या तोंडचा शब्द काऊन हाकलता?

सायकलवाला_पुसद
दोघांचंही पटतं, पण रकान्यात काय भरतात तेही पाहा. सायकलला वॅट (पायडलवरच्या जोराचं माप) असतात: २० मिनिटं जीव ओतून चालवायची, सरासरी २०० वॅट आली तर त्याचे ९५ टक्के, म्हणजे १९० धरायचे. पोहण्यात ४०० आणि २०० मीटरच्या वेळांतला फरक घेतात. ४०० ला ८ मिनिटं आणि २०० ला ३ मिनिटं ५० सेकंद लागले, तर फरकाच्या २०० मीटरला २५० सेकंद, म्हणजे १०० मीटरला २ मिनिटं ५ सेकंद. 'दमाचे वॅट' कसं वाटेल? शिवाय एकाच माणसाचे ठोके बहुधा धावण्यात जास्त, सायकलवर कमी आणि पाण्यात आडवं असल्याने आणखी कमी येतात. म्हणूनच खेळागणिक आणि तारखेनिशी नोंद लागते. नवा आकडा भरला म्हणून मागच्या महिन्याचा सराव बदलायला नको.

कपाशीकर
आपल्याकडे हा शब्द शेतात केव्हाच मराठी झाला आहे. 'आर्थिक नुकसानीची पातळी.' एका कामगंध सापळ्यात (मादीच्या वासाने नर पतंग ओढणाऱ्या) गुलाबी बोंडअळीचे रात्रीला ८ पतंग सलग ३ रात्री आले की पातळी गाठली, आता फवारणीचं बघा. या मुलामुलींच्या घरी हे रोजचं बोलणं आहे. पातळी गाठली की काम थांबत नाही, सुरू होतं. 'पातळी' लिहा.

देहलीदीप
पातळी पाण्याचीही असते, रक्तातल्या साखरेचीही. नुसत्या 'पातळी'वरून इथून पुढे काही बदलतं हे कळत नाही. उंबरठ्यात घर आणि अंगण दोन्ही दिसतात. शब्द उंबराच्या लाकडावरून आला असंही सांगतात, पूर्वी उंबरठा उंबराचा करत म्हणे.

सायकलवाला_पुसद
आमच्या जुन्या घराचा उंबरठा सागाचा आहे. मधोमध पावलांनी झिजून खोलगट झालाय, पण साग तो सागच. उंबराचं लाकूड मऊ, त्याचा उंबरठा कोण करेल?

पालीवर्ग
पालीत उंबरठ्याला 'उम्मार' म्हणतात. म्हणजे शब्द फार जुना आहे. आज आपल्या घराला कोणतं लाकूड आहे यावरून त्याचं मूळ ठरवता येणार नाही.

दारव्हेकर
सगळ्यांचे आभार. 'मर्यादा' तर काढलीच, आणि त्या मुलीला सोबत बसवून समजावलंही. पण रकान्यात उंबरठा, दम की पातळी?

कपाशीकर
उंबराचं लाकूड मऊ खरं, पण पाण्यात कुजत नाही. आजोबांच्या विहिरीचा गाळ काढला तेव्हा तळाशी उंबराचं कडं निघालं, काळं पडलेलं, पण कुऱ्हाडीला दाद देईना. तुमच्याकडे त्या कड्याला काय म्हणतात?