खून झालेल्या कार्यकर्त्यासाठी मरणोत्तर पद्मची शिफारस करावी का? संघटनेत दोन तट पडलेत

माळरान
नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितोय, सांभाळून घ्या. आमच्या भागातले एक कार्यकर्ते, सगळे त्यांना दादाच म्हणायचे, नदीतला बेकायदा वाळूउपसा आणि रोजगार हमीची बुडवलेली मजुरी ह्या दोन गोष्टींवर आयुष्यभर भांडले. पक्षाचे होते पण तिकीट कधी मागितलं नाही. काही महिन्यांपूर्वी त्यांचा खून झाला. आरोपपत्र दाखल झालंय, केस उभी राहायचीय, म्हणून इथे नाव-गाव लिहीत नाही.

आता आमच्यातल्या तरुण पोरांनी काढलंय की दादांसाठी मरणोत्तर पद्मश्रीची शिफारस करायची. त्यांचं म्हणणं, देशानं दखल घेतली तर तपासावर नजर राहील आणि पुढच्या कार्यकर्त्याला हात लावताना कोणी दहा वेळा विचार करेल. जुनी मंडळी चिडलीत, म्हणतात जो माणूस तहसील ते मंत्रालय सगळ्यांशी भांडत गेला त्याच्या नावावर सरकारचं पदक घ्यायचं म्हणजे काय, उद्या तेच लोक सभेत सांगणार की बघा आम्ही सन्मान केला. मला दोन्ही बाजू पटतात आणि त्यामुळे झोप लागत नाही. अशी शिफारस आपण सामान्य माणसं करू शकतो का, मेलेल्या माणसाला देतात का, आणि मुळात करावी का?

कागदपत्र
आधी नियमांचं सांगतो. पद्मसाठी शिफारस कोणीही करू शकतं, स्वतःची स्वतः केली तरी चालते. सगळं ऑनलाइन आहे, केंद्राच्या राष्ट्रीय पुरस्कार पोर्टलवर. माणसाच्या कामाबद्दल जास्तीत जास्त ८०० शब्दांचा मजकूर द्यायचा असतो. मुदत दरवर्षी जाहीर होते, २०२६ च्या पुरस्कारांसाठी ती १५ मार्च ते ३१ जुलै २०२५ होती. पंतप्रधान दरवर्षी एक समिती नेमतात, कॅबिनेट सचिव तिचे अध्यक्ष, गृह सचिव आणि राष्ट्रपतींचे सचिव असतात, बाहेरची चार ते सहा मान्यवर माणसं असतात. तिथून यादी पंतप्रधान आणि राष्ट्रपतींकडे जाते.

मरणोत्तरचा नियम जरा आडवा येतो. सहसा देत नाहीत, पण काम तेवढं मोठं असेल तर सरकार विचार करू शकतं, आणि त्यातही मृत्यू अलीकडचा हवा, म्हणजे साधारण त्या २६ जानेवारीच्या आधीच्या वर्षभरातला. म्हणून करायचं तर लवकर करा, निकाल लागल्यावर बघू म्हणालात तर दार बंद झालेलं असेल. वर्षाला १२० ची मर्यादा असते पण मरणोत्तर नावं तिच्यात धरत नाहीत. पैसे वगैरे काही मिळत नाहीत, राष्ट्रपतींच्या सहीची सनद आणि पदक, बस्स. नावापुढे लावायला तर कायद्यानंच मनाई आहे, सुप्रीम कोर्टानं १९९५ च्या निकालात स्पष्ट केलंय की हे पुरस्कार म्हणजे पदव्या नाहीत.

भरतीची_लाट
डॉ. नरेंद्र दाभोलकरांचं उदाहरण समोर ठेवा, आपल्या राज्यात ह्याहून जवळचं दुसरं नाही. २० ऑगस्ट २०१३ ला सकाळी फिरायला गेलेले असताना पुण्यात ओंकारेश्वराजवळच्या पुलावर गोळ्या घातल्या, आणि २०१४ च्या यादीत त्यांना मरणोत्तर पद्मश्री. म्हणजे पाचच महिन्यांत. आणि कोर्टाचा निकाल कधी? १० मे २०२४. दोघांना जन्मठेप, तिघे निर्दोष सुटले. पदक आणि निकाल ह्यांच्यात दहा वर्षं गेली हो, आणि ह्या दहा वर्षांत पानसरे गेले, कर्नाटकातले लेखक कलबुर्गी गेले, पत्रकार गौरी लंकेश गेल्या, सगळे असेच गोळ्या घालून. तर तुमच्या पोरांना एवढंच सांगते की पद्मश्रीनं तपास धावत नाही आणि पद्मश्रीला घाबरून मारेकरीही थांबत नाहीत. तपासासाठी वकील धरा, हायकोर्टात जा, तारखेला कोर्टात गर्दी करा. दाभोलकरांची केस सुद्धा २०१४ ला हायकोर्टानं सीबीआयकडे दिली तेव्हा पुढे सरकली, ती सन्मानामुळे नाही.

माझ्या मते खरा सन्मान वेगळाच होता. जादूटोणाविरोधी कायद्यासाठी त्यांनी आयुष्याची कितीतरी वर्षं घातली, दर अधिवेशनात आश्वासन मिळायचं आणि बिल लटकायचं. खून झाल्यावर चार दिवसांत वटहुकूम निघाला आणि डिसेंबर २०१३ मध्ये कायदा झाला. चार दिवसांत होऊ शकत होतं तर इतकी वर्षं का नाही केलं हा राग मला आजही येतो. पण आज कुठल्या तरी गावात भोंदूबाबावर गुन्हा दाखल होतो तेव्हा तो त्या कायद्याखाली होतो, त्याची कोणत्याही पदकाशी तुलना होणार नाही. तुमच्या दादांची अशी कोणती मागणी अर्धवट राहिलीय ती शोधा आणि ती धसास लावा.

सांजपाखरू
भरतीताईंचं बरोबर आहे पण मी थोडा वेगळा विचार करतो. पद्म न मिळण्यानं पण काहीतरी ठरतंच ना. कॉ. गोविंद पानसरे, कम्युनिस्ट पक्षाचे, उघड राजकीय माणूस, कोल्हापूरच्या टोलविरोधी आंदोलनात पुढे, १६ फेब्रुवारी २०१५ ला पत्नीसोबत फिरून येताना गोळ्या घातल्या आणि २० तारखेला ते गेले. त्यांच्या वाट्याला असा राष्ट्रीय सन्मान आला नाही. दाभोलकरांची नोंद समाजकार्यात बसली, पानसरेंवर पक्षाचा शिक्का होता. तुमचे दादाही पक्षाचे होते म्हणता, तर ही अडचण तुम्हालाही येणार असं मला वाटतं. पण कोल्हापूरच्या लोकांनी काय केलं, दर महिन्याच्या २० तारखेला निर्भय मॉर्निंग वॉक सुरू केला. मारेकऱ्यांनी सकाळच्या फिरण्याची वेळ साधली होती आणि लोकांनी नेमकं तेच फिरणं निषेधाचं केलं. त्याला दिल्लीतल्या कुठल्या समितीची मंजुरी लागत नाही.

आणि सरकारनं घाईघाईत दिलेला सन्मान कसा दिसतो ते अमेरिकेत बघा. तिथलं सर्वोच्च नागरी पदक राष्ट्राध्यक्ष स्वतःच्या मर्जीनं देऊ शकतो. चार्ली कर्क, ट्रम्पच्या बाजूचा उजव्या विचारांचा कार्यकर्ता, त्याचा खून १० सप्टेंबर २०२५ ला झाला आणि १४ ऑक्टोबरला, त्याच्या वाढदिवशी, ट्रम्पनी ते पदक त्याच्या पत्नीच्या हाती दिलं. त्याची मतं मला अजिबात पटत नव्हती, तरी विद्यापीठात बोलत बसलेल्या माणसाला गोळी घालणं हे भयंकरच आहे ह्यात दुमत नाही. पण पदक इतक्या लवकर आणि त्याच्याच बाजूच्या माणसाकडून आलं की अर्धा देश त्यात पक्षच बघतो. उलट मेडगर एव्हर्स, मिसिसिपीत कृष्णवर्णीयांच्या मतदानासाठी झटणारा, १९६३ मध्ये घराच्या दारात मारला. १९६४ मध्ये दोन खटले चालले, दोन्ही वेळा ज्युरीचं एकमत झालं नाही, आरोपी मोकळा फिरला. शिक्षा झाली १९९४ मध्ये, आणि पदक मिळालं २०२४ मध्ये. एकसष्ट वर्षांनी! तोपर्यंत त्याच्या कामाबद्दल वाद उरला नव्हता, पण तितकं थांबायचं कोणी आणि कोणाच्या जिवावर, हाही प्रश्न आहेच.

माळरान
सगळ्यांचे आभार. भरतीताई, तुमचं वाचून पोरांना दाखवलं, तपासाचा मुद्दा त्यांना पटला, वकिलांशी उद्याच बोलतोय. पण त्यांचं एक म्हणणं मला खोडता येत नाहीये. ते म्हणतात गावात अजून कुजबुज आहे की दादा हप्त्याच्या भांडणात गेले. वाळूवाल्यांनीच पसरवलंय. देशाच्या यादीत नाव आलं तर निदान ही बदनामी बंद होईल. वहिनींनी ही कुजबुज पाण्याच्या टाकीवर स्वतःच्या कानांनी ऐकलीय, तेव्हापासून त्या तिकडे जातच नाहीत.

ओसरी
हे वाचल्यावर लिहिल्याशिवाय राहवलं नाही. मग शिफारस कराच असं मी म्हणेन, पण आधी वहिनींना विचारा, आणि संघटनेची मीटिंग लावून दहा जणांसमोर नाही, त्यांच्या घरी जाऊन, एक-दोन बायका सोबत घेऊन. पदक मिळालं तर दिल्लीला जाऊन ते घ्यायला त्यांना उभं राहावं लागेल, आणि नाही मिळालं तर गावातले टोमणे पण त्यांनाच ऐकावे लागतील. त्या नको म्हणाल्या तर विषय तिथेच संपवा, पोरं कितीही रुसू देत.

हो म्हणाल्या तर ते ८०० शब्द नीट लिहा. बहुतेक लोक अशा मजकुरात मृत्यूबद्दलच लिहितात, निर्घृण हत्या, बलिदान, अमर रहे, आणि कामावर चार ओळी. तुम्ही उलटं करा. खून एका वाक्यात, तारखेसकट. बाकी सगळं काम. किती मजुरांची थकलेली मजुरी मिळवून दिली, कोणत्या वर्षी कोणता मोर्चा, माहिती अधिकारात कोणते कागद बाहेर काढले, ट्रॅक्टर-डंपर पकडून दिल्यावर किती दंड वसूल झाला, ग्रामसभेचे ठराव कोणते. हजेरीपटाच्या झेरॉक्स, तहसीलदारांच्या नोटिसा, पेपरची कात्रणं, सगळं गोळा करा. मेला म्हणून मोठा असं वाचणाऱ्याला वाटताच कामा नये. आणि ती हप्त्याची कुजबुज आहे ना, तिला उत्तर हाच कागदांचा गठ्ठा आहे. पदक मिळो न मिळो, गठ्ठा तुमच्याकडे राहतो, त्याची पुस्तिका छापून ग्रामसभेत वाटता येते, आणि वकिलांना खुनाचा हेतू मांडायला पण त्याचाच उपयोग होईल.

कागदपत्र
ओसरीताईंशी शंभर टक्के सहमत. एक भर घालतो, मूळ कागद कोणाच्या एकाच्या घरी ठेवू नका, स्कॅन करून तीन-चार ठिकाणी ठेवा आणि एक संच वकिलांकडे द्या. आणि केस कोर्टात आहे तर मजकुरात आरोपींची नावं किंवा ह्यांनीच मारलं असं काही लिहू नका, वकिलांना एकदा दाखवूनच अपलोड करा.

माळरान
ओसरीताई, आई आणि मी रविवारी वहिनींकडे जातोय. दादांची रोजगार हमीची रजिस्टरं त्यांच्याच कपाटात आहेत, त्या देणार असतील तर स्कॅनिंग लगेच सुरू करतो. कोणाकडे चांगला स्कॅनर असेल तर मेसेज करा.