सगळं सर्च करूनच शिकतेय, पण डोक्यात काही राहतंय का?

भिंगरी

मंडळी एक शंका आहे, जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या. मला कशाचंही कुतूहल वाटलं की हात आधी सर्चकडे जातो, मग ते औषधाचे साइड इफेक्ट असोत, इतिहासातली लढाई असो की कुठला तरी अवघड शब्द, आणि उत्तर मिळतंही लगेच. पण आठवड्याने तेच कुणी विचारलं की ततपप होतं आणि परत सर्च.

सध्या भूकंपांबद्दल वाचतेय, परीक्षा वगैरे काही नाही, हौस आहे म्हणून. साधा प्रश्न टाकला की ७ रिश्टरचा भूकंप ६ च्या किती पट मोठा. वरच्या चौकटीत आलं, १० पट. शब्द थोडे इकडेतिकडे करून परत टाकला तर आलं ३२ पट. दोन्ही साइट बऱ्या वाटत होत्या, जाहिरातींचा बाजार नव्हता, लिहिलेलंही नीट. मग मी तिसरी उघडली, तिथे नुसतंच "अनेक पटींनी". धन्य.

तर विचारायचंय असं की अशा वेळी कुठलं उत्तर धरायचं हे तुम्ही कसं ठरवता, आणि रोजच्या शिकण्यासाठी सर्चवर इतकं विसंबून राहणं ठीक आहे का की सरळ पुस्तक घेऊन बसावं? "आमच्या वेळी लायब्ररी असायची" हे ऐकून झालंय, ते सोडून काहीही सांगा.

खडूफळा

गंमत म्हणजे तुमची दोन्ही उत्तरं बरोबर आहेत :) आकडा एकने वाढला की सारख्या अंतरावर, भूकंपमापकाच्या कागदावर उमटणारी लाट १० पट उंच होते, पण बाहेर पडणारी ऊर्जा साधारण ३२ पट होते. दोनने वाढला तर लाट १०० पट आणि ऊर्जा जवळजवळ १००० पट. म्हणजे "किती पट मोठा" या प्रश्नातच घोळ आहे, मोठा म्हणजे काय मोठं? सर्चला ते कळत नाही, तुमच्या शब्दांशी जुळणारं एखादं वाक्य मशीन पानातून उचलतं आणि चौकटीत ठेवतं, त्याच्या आधीचं "लाटेची उंची बघितली तर" हे वाक्य राहतं मागे पानातच. या चौकटी २०१४ पासून आल्या आणि तेव्हापासून लोकांनी पान उघडणंच सोडलंय असं माझं आपलं मत.

त्यामुळे दोन उत्तरं जुळली नाहीत की कुठलं खोटं हे शोधायच्या आधी बघायचं की दोघं एकाच गोष्टीबद्दल बोलतायत का. बऱ्याचदा बोलतच नसतात.

दुसरं म्हणजे, सर्च तुम्ही विचारलेल्याचंच उत्तर देतं. रिश्टरची मूळ पट्टी १९३५ ची, ती दक्षिण कॅलिफोर्नियातल्या भूकंपांसाठी, एका ठराविक प्रकारच्या यंत्रावरच्या नोंदी धरून केलेली. फार मोठ्या भूकंपांना ती पुरेना, आकडा एका मर्यादेपुढे वाढेचना, म्हणून १९७९ मध्ये हँक्स आणि कानामोरी या भूकंपशास्त्रज्ञांनी मोमेंट मॅग्निट्यूड ही नवी पट्टी मांडली आणि आज मोठ्या भूकंपांचे आकडे त्याच पट्टीवर देतात, बातमीत मात्र रिश्टरच म्हणत राहतात. आता हे तुम्ही विचारलंच नव्हतं, मग सर्च कशाला सांगेल? पुस्तकात ते पुढच्या पानावर आपोआप समोर आलं असतं. मी तरी नवीन विषय असला की आधी एखाद्या चांगल्या पाठ्यपुस्तकाची अनुक्रमणिका शोधतो, पुस्तक नाही हां, नुसती अनुक्रमणिका. त्यावरून कळतं काय काय विचारायला हवं. मग सर्च करा हवं तेवढं.

नको_रे_बाबा

एवढं कशाला डोकं खाताय राव. फोन खिशात आहे ना? मग लक्षात कशाला ठेवायचं. आपण फोन नंबर पाठ करणं सोडलं तेव्हा काय जग बुडालं का

तिरपा_डोळा

@नको_रे_बाबा फोन नंबर पाठ नसला तर विचारात फरक पडत नाही, पण भूकंपाचा आकडा लॉगॅरिदमिक असतो, म्हणजे एकने वाढला की खरी वाढ कित्येक पटींची असते, हे डोक्यात नसेल तर ७ आणि ६ मध्ये तुम्हाला फक्त एकाचा फरक दिसणार आणि सर्च करायचं सुचणारसुद्धा नाही. काय शोधायचं ते कळायलाच आधी थोडं माहीत असावं लागतं.

बाकी भिंगरीताई, कुठलं धरायचं याबद्दल. "साइट बरी वाटत होती" यावर जाऊ नका, बरं दिसणं आता फुकट मिळतं. यावर एक भारी अभ्यास आहे, स्टॅनफर्डच्या वाइनबर्ग आणि मॅकग्रू यांचा, २०१७ चा. १० पीएचडी झालेले इतिहासकार, १० व्यावसायिक फॅक्टचेकर आणि स्टॅनफर्डचेच २५ विद्यार्थी, सगळ्यांना वेबसाइट तपासायला दिल्या. इतिहासकार आणि विद्यार्थी त्याच पानावर वरखाली करत बसले आणि लोगो, साइटचं भारदस्त नाव यांना फसले. फॅक्टचेकर पान धड न वाचताच बाहेर पडले, नवीन टॅब उघडून त्या साइटबद्दल इतर लोक काय म्हणतात ते बघून आले, आणि कमी वेळात जास्त बरोबर निघाले. म्हणजे जन्मभर वाचनच केलेली माणसं मागे पडली बघा! तेव्हापासून मी "आमच्याबद्दल" हे पान वाचत नाही, स्वतःबद्दल वाईट कोण लिहील.

आणि पहिला रिझल्ट म्हणजे सगळ्यात खरा असं नसतं हे तर पाठच करून ठेवा. गूगलची मूळ कल्पना अशी की ज्या पानाकडे इतर महत्त्वाची पानं लिंक देतात ते पान महत्त्वाचं. आता त्यात इतर शेकडो गोष्टी मिसळल्यात, पण मुळात ती लोकप्रियतेची मोजणी, खरेपणाची नाही. त्यात वरच्या जागेसाठी पैसे मोजणारे वेगळेच. मजा म्हणजे गूगल काढणाऱ्या पेज आणि ब्रिन यांनी स्वतःच १९९८ च्या त्यांच्या पेपरात लिहून ठेवलंय की जाहिरातींवर चालणारी सर्च इंजिनं जाहिरातदारांकडे झुकणार आणि वापरणाऱ्यांच्या गरजेपासून दूर जाणार. २००० मध्ये त्यांनीच जाहिराती विकायला सुरुवात केली, असो.

पानगळ

लक्षात राहत नाही त्याबद्दल बोलते. २०११ मध्ये स्पॅरो, लियू आणि वेग्नर यांचा सायन्स या संशोधन नियतकालिकात पेपर आला होता. लोकांना बारीकसारीक माहितीची वाक्यं कॉम्प्युटरवर टाइप करायला दिली, काहींना सांगितलं हे सेव्ह होणार, काहींना सांगितलं पुसलं जाणार. सेव्ह होणार म्हटलेल्यांना कमी आठवलं. आणखी एका प्रयोगात तर वाक्यापेक्षा ते कुठल्या फोल्डरमध्ये ठेवलंय तेच जास्त लक्षात राहिलं. भिंगरी, तुझं अगदी हेच होतंय, उत्तर आठवत नाही पण सापडतं कसं ते बरोबर आठवतं.

खडूफळा

@पानगळ त्या पेपराला जरा जपून. २०१८ मध्ये नेचर आणि सायन्स या नियतकालिकांत आलेले २१ प्रयोग पुन्हा करून बघितले होते त्यात त्यातला पहिला प्रयोग होता, अवघड प्रश्न विचारला की डोक्यात आधी कॉम्प्युटरशी संबंधित शब्द येतात असं दाखवणारा, आणि तो टिकला नाही. सेव्ह आणि पुसण्याचा प्रयोग वेगळा, तो त्या यादीत नव्हता. पण "गूगलने आपली स्मरणशक्ती खाल्ली" असं जे लोक ठोकून देतात तेवढं काही त्यातून निघत नाही.

पानगळ

हो बरोबर, ते सांगायला हवं होतंच. पण मला त्याहून २०१५ चा फिशर वगैरेंचा अभ्यास जास्त झोंबतो. लोकांना कपड्याची झिप कशी चालते असल्या प्रश्नांची उत्तरं इंटरनेटवर शोधायला लावली, आणि मग भलत्याच विषयांवर विचारलं की हे तुम्ही किती चांगलं समजावून सांगू शकाल. ज्यांनी सर्च केलं होतं त्यांनी स्वतःला जास्त मार्क दिले, ज्या विषयाबद्दल शोधलंच नव्हतं त्यातसुद्धा! म्हणजे विसरणं परवडलं, आपल्याला येतंय असं वाटणं जास्त घातक.

उपाय काही जगावेगळा नाही. रोडिगर आणि कार्पिक यांचा २००६ चा प्रयोग बघ, उतारा परत परत वाचणारे पाच मिनिटांनी पुढे होते, पण आठवड्याने, ज्यांनी न बघता आठवून लिहिलं होतं त्यांना जास्त आठवलं. त्यामुळे सर्चचं बटण दाबायच्या आधी आपला अंदाज लिहायचा, चुकीचा का असेना. वाचून झालं की टॅब बंद करून दोन ओळी आपल्या शब्दांत. लिहिता आलं नाही तर समजलं नव्हतं, साधा हिशोब. कंटाळा येतो हे मान्य.

भिंगरी

बापरे, केवढं लिहिलंत सगळ्यांनी. ३२ पटीचं आत्ता डोक्यात शिरलं खडूफळा, खरंच थँक्यू. पण अजून एक, तीन-चार ठिकाणी तेच लिहिलेलं दिसलं तर खरं मानायला हरकत नाही ना? मी आतापर्यंत तसंच करतेय.

तिरपा_डोळा

हरकत आहे :) ती तीन-चार ठिकाणं एकमेकांचीच कॉपी असली तर ते एकच ठिकाण झालं. कोआटी नावाचा प्राणी आहे, रॅकूनच्या कुळातला. २००८ मध्ये एका अमेरिकन विद्यार्थ्याने विकिपीडियावर गंमत म्हणून घातलं की याला ब्राझिलियन आर्डवार्क असंही म्हणतात. कोणी म्हणत नव्हतं. पण ते राहिलं, मग वर्तमानपत्रांनी उचललं, एका युनिव्हर्सिटी प्रेसच्या पुस्तकात गेलं, आणि मग विकिपीडियावर त्याच वाक्याला छापील संदर्भ म्हणून त्यातलंच एक जोडलं गेलं. २०१४ मध्ये बाहेर आलं. मधल्या काळात कोणी चार ठिकाणी तपासलं असतं तर चारही ठिकाणी हेच मिळालं असतं.

त्यामुळे ठिकाणं मोजू नका, माहिती कुठून निघाली ते बघा. संशयास्पद वाक्य जसंच्या तसं दुहेरी अवतरणचिन्हात टाकून सर्च करा, शब्दन्‌शब्द तेच दहा साइटवर आलं की समजा सगळे एकाच विहिरीचं पाणी पितायत. मशीनने लिहून दिलेला सारांश वर येतो त्यालाही हेच लागू, २०२४ च्या मे महिन्यात गूगलच्या अशाच सारांशाने रोज एक छोटा दगड खा असा सल्ला दिला होता, उगम एका विनोदी साइटवरचा थट्टेचा लेख.

नको_रे_बाबा

दगडाचं भारी होतं 😂 बरं एक प्रामाणिक प्रश्न. संशोधन म्हणजे पेपर वगैरे लागले तर सामान्य माणसाने कुठे बघायचं? मला तर सगळे पैसे मागतात

पानगळ

गूगल स्कॉलर, २००४ पासून आहे. पेपरच्या नावाच्या उजवीकडे पीडीएफ दिसली तर फुकट, नाहीतर खाली "सर्व आवृत्त्या" वर जा, लेखकाने स्वतःच्या पानावर ठेवलेली प्रत बऱ्याचदा तिथे मिळते. वैद्यकीय असेल तर पबमेड, म्हणजे वैद्यकीय पेपर शोधायची साइट, त्यात फ्री फुल टेक्स्टचं फिल्टर लाव. आणि स्कॉलरवर "सायटेड बाय", म्हणजे त्या पेपराचा संदर्भ नंतर कुणी दिलाय त्याची यादी, ते दाबायला विसरू नको, नंतर कोणी त्या पेपराची चिरफाड केली असेल तर ती तिथेच सापडते, वर खडूफळाने माझ्या पेपराची केली तशी.

खडूफळा

😄 भिंगरीताई, भूकंपासाठी एक राहिलं. प्रश्नाच्या पुढे साइट, कोलन आणि लगेच यूएसजीएस डॉट जीओव्ही असं स्पेस न देता इंग्रजीत टाका, म्हणजे फक्त अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याची पानं येतील. तिथे दोन भूकंपांचे आकडे टाकून किती पट ते काढायचं कॅल्क्युलेटरपण आहे, लाटेचं आणि ऊर्जेचं वेगवेगळं देतं.

भिंगरी

सापडलं! आधी अंदाज लिहिला, ८.७ आणि ५.८ टाकून बघतेय.