मिसळीच्या हॉटेलात पोरं टिकत नाहीत. पगार वाढवू की आणखी काही?

सातारी_तर्री:
नमस्कार मंडळी. साताऱ्यात आमचं मिसळीचं हॉटेल आहे, सहा टेबलांचं. गल्ल्यावर मी, भट्टीवर बायको, हाताखाली चार पोरं. सगळी विशीतली, दोन नांदेडकडची, दोन ओडिशाची. वाढायला, रस्सा फिरवायला, टेबल मारायला जरा तयार झाली की निघाली. दिवाळीला गावी गेली की फोन बंद. एक तर उचल फिटायच्या आधीच पसार. दुसरा डिलिव्हरीच्या ॲपवर गेला, आता आमच्याच दारात पार्सल उचलायला येतो आणि "काय शेठ, बरंय ना?" विचारतो. पगार १३ हजार, राहणं-जेवण आमचं. हजार-दोन हजार वाढवून थांबतील का? ८० रुपयांच्या मिसळीत त्यापुढे परवडत नाही.

खानावळवाली_ताई:
दादा, पोरं रोज काय जेवतात ते बघा. दोन्ही वेळा उरलेला रस्सा-पाव असेल तर मीही पळाले असते. ओडिशाच्या पोरांना भात लागतो, माझ्याकडे त्यांच्यासाठी कुकर वेगळा लावते.

फडकं_मारलेला:
शेठ, मी ठाण्यात वेटर होतो, आता माझी वडापावची गाडी आहे. ॲपवर पेट्रोल आपलं, गाडी आपली, पावसात भिजायचं आपणच. तरी पोरं जातात, कारण तिथे बटण बंद केलं की सुट्टी. तुमच्याकडे सुट्टी मागावी लागते, आणि मिळाली तर खाडा लागतो. आठवड्याची सुट्टी भरपगारी द्या आणि कोणाची कुठल्या वारी ते भिंतीवर लिहून लावा. तोंडी सुट्टी गिऱ्हाईक वाढलं की मोडते.

दुसरं, टिप. आधी बिलाच्या ताटलीत बडीशेपेवर दहा-वीस रुपये राहायचे. आता सगळे स्कॅन करून उठतात, बिलाचे नेमके तेवढेच पैसे तुमच्या खात्यात. पोराची रोजची वरकमाई गेली, हे किती मालकांच्या लक्षात आलंय देव जाणे. पोरांसाठी वेगळा क्यूआर लावा, रात्री त्यांच्यासमोर वाटणी करा. मोरीत भांडी घासणाऱ्यालाही हिस्सा द्या, त्याला तर गिऱ्हाईक बघतही नाही.

आणि ग्लास फुटला की पगारातून कापता का? कापत असाल तर बंद करा. गिऱ्हाइकासमोर आईवरून शिवी ऐकलेला पोरगा त्याच दिवशी मनाने गेलेला असतो, पगाराच्या तारखेपर्यंत फक्त अंगाने थांबतो.

हिशेबनीस_कराड:
दहा माणसं झाली की ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी आरोग्य विमा, लागू होतो, पगार महिना २१,००० पर्यंत असेल तर. पगाराच्या ३.२५ टक्के मालकाने भरायचे, ०.७५ टक्के कामगाराने. तुमच्याकडे पोरं चारच आहेत, पण वाढवायचा विचार असेल तर ध्यानात ठेवा. ठेवताना आधारवर वय बघत जा. १४ च्या आतलं पोर कामाला ठेवणं गुन्हा आहे, "गावाकडचा भाचा" असं खोटं सांगून चालत नाही.

सातारी_तर्री:
ग्लासचे कापत नाही. क्यूआरचं पटलं, डोक्यातच आलं नव्हतं. सुट्टी मंगळवार-बुधवार जमेल, रविवारची मागू नका, सकाळी आठपासून लाईन असते. पण शिकवायचं म्हणाल तर हात आखडतो. आधीच्या एकाला मसाला दाखवला, त्याने स्टँडजवळ स्वतःची गाडी लावली!

फडकं_मारलेला:
मग मीही तेच केलं की! पण मालकाने वस्तादाच्या, म्हणजे मुख्य आचाऱ्याच्या, हाताखाली घातलं म्हणूनच तिथे इतकी वर्षं काढली, नाहीतर पहिल्याच होळीला गेलो असतो. मसाल्याचं माप नका देऊ. कांदा-खोबरं भाजायला द्या. खोबरं कुठल्या रंगावर उतरवायचं, कट वर यायला गॅस कधी बारीक करायचा, एवढ्यावरही वर्षभर रमतो माणूस. जन्मभर फडकंच मारायचं असेल तर तो तुमच्याकडे का मारेल?

सातारी_तर्री:
खोबरं उद्यापासून नांदेडच्या एकाकडे देतो. मसाल्याचा डबा मात्र घरूनच येणार. आणि ताई, कुकर किती लिटरचा लागतो चौघांना?

खानावळवाली_ताई:
पाचचा घ्या. विशीतली पोरं आहेत.