हिमनदीजवळ गेला आहात का? तुमचे अनुभव लिहा

सुरुवात माझ्यापासून. गोमुखला, म्हणजे गंगोत्री हिमनदीच्या तोंडाशी, जाईपर्यंत हिमनदी म्हणजे पांढरीशुभ्र असणार असंच वाटायचं. समोर दिसला राखाडी दगडमातीचा ढीग आणि पोटात निळसर बर्फ. उन्हाळ्यात न वितळलेल्या हिमावर पुढच्या वर्षीचं हिम पडतं, वरच्या भाराने खालचे थर दाबले जातात, बरीचशी हवा निघून जाते आणि त्याचा घट्ट बर्फ होतो. पुरेसा जाड झाला की तो आपल्याच वजनाने उताराकडे सरकू लागतो. गंगोत्री हिमनदी अशी जवळजवळ ३० किलोमीटर सरकत आली आहे! पाणी भरून घ्यायला मी अगदी तोंडाशी निघाले होते. वाटाड्याने दंड धरून मागे ओढलं. जुलै २०१६ मध्ये तिथल्या बर्फाच्या भिंतीचा मोठा भाग कोसळला होता, हे मला खोलीवर परतल्यावर कळलं. आजही अंगावर काटा येतो.

*

ताई, गोमुखचाच माझाही अनुभव. सकाळी वाटेतल्या भोजबासा या मुक्कामाच्या अलीकडचा नाला दगडांवरून सहज ओलांडला. दुपारी परतलो तर तेच पाणी मांडीपर्यंत. ऊन चढलं की वरचा बर्फ वितळतो, एवढं साधं गणित आम्ही केलं नव्हतं. पहाटेच निघा. परवाना आधी काढा, दिवसाला १५० जणांनाच सोडतात.

*

आम्ही आईला स्वित्झर्लंडमधल्या युंगफ्राउयोख या खिंडीत नेलं. ३,४५४ मीटरवर आगगाडी थेट पोचवते, त्यामुळे उंची जाणवायला वेळच मिळत नाही. आईला गरगरलं, तासाभरात खाली उतरलो. तिथेच एक जण फोटोसाठी दोर ओलांडून 'आलेच' नावाच्या हिमनदीवर गेला. वर सपाट हिम दिसतं, पण खाली खोल भेग असू शकते. पहारेकरी ओरडत धावला तेव्हा माझेच पाय लटपटत होते.

*

आइसलँडला ऑगस्टमध्ये बर्फाची गुहा बघायचा हट्ट धरला होता. गाइडने साफ नकार दिला: उन्हाळ्यात छत कमकुवत होतं. त्याऐवजी बुटांना क्रॅम्पॉन (धातूचे अणकुचीदार दात) बांधून सोल्हेइमायोकुल या हिमनदीवर चालवलं. पाय फाकवून, पूर्ण तळवा टेकवत. खूप हिरमुसलो होतो. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट २०२४ मध्ये, तिथल्याच दुसऱ्या एका हिमनदीवर बर्फ कोसळून एक पर्यटक गेला. बातमी वाचली आणि त्या गाइडला मेल लिहिला.