ल्युझर्नच्या बोटीसारखं आपल्या गावाकडं काही आहे का?

सर्वांना नमस्कार,

स्वित्झर्लंडमधल्या आपल्या मराठी मंडळाच्या सहलीचे फोटो पाहिले असतीलच. ल्युझर्नहून बोटीनं व्हिट्झनाउला उतरून दातेरी रुळांच्या गाडीनं रिगी डोंगरावर गेलो. ही रेल्वे १८७१ साली सुरू झाली, युरोपातली पहिली दातेरी रुळांची डोंगरी रेल्वे. सुमारे १८०० मीटरवरून खाली सगळी तळी पसरलेली दिसली आणि माझी लेकरं कधी नव्हे ती फोन खिशात ठेवून बघत बसली. परतीच्या बोटीत धाकट्यानं विचारलं, "आई, लातूरला असं आहे का? पाण्यातून जायचं आणि मग उंच चढून सगळं बघायचं?"

मला पटकन उत्तर सुचलं नाही. आपल्याकडं टँकर, घागरी, कोरडी मांजरा हेच बघत मी मोठी झाले. लातूरला २०१६ साली रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तेही लेकरांना ठाऊक आहे. पण त्यांच्या मनात आईच्या गावाचं एवढंच चित्र राहू नये असं मला फार वाटतं. ऑक्टोबरात शाळेच्या शरद सुट्टीत आम्ही लातूरला येतोय. मराठवाड्यात असं ठिकाण कुणाला माहीत असेल तर कृपया सविस्तर लिहा. सोबत माझे वडील असतील, वय सत्तरच्या पुढं.

– झुरिकहून, लातूरची लेक

———

विषय: उत्तर – आपल्या गावाकडं काही आहे का?

चि. ताईस अनेक आशीर्वाद, आणि मंडळींना नमस्कार.

तुझ्या लेकराला सांग, आहे. नळदुर्ग. मी झुरिक सोडून तुळजापूरला परत आलो त्याला बरीच वर्षं झाली, तरी या यादीवरच्या मेल रोज वाचतो. आज मात्र लिहिल्याशिवाय राहवलं नाही.

नळदुर्ग आमच्या तुळजापूर तालुक्यातच, सोलापूर–हैदराबाद रस्त्यावर आहे. लोक गाडी लावतात, तटबंदीपुढं फोटो काढतात, शंभरावर बुरूज आहेत हे ऐकतात आणि पुढं निघतात. असा किल्ला बघू नका. आधी पाण्यात उतरा. बोरी नदी किल्ल्याला बिलगून वाहते. पलीकडच्या काठावर रणमंडळ नावाचा छोटा किल्ला आहे, आणि दोहोंच्या मध्ये नदी अडवून दगडी बंधारा घातलेला आहे. त्या बंधाऱ्यामागं जे पाणी तुंबलं आहे त्यात नौकाविहार चालतो. बोटीत बसलं की एका हाताला नळदुर्गाचा तट, दुसऱ्या हाताला रणमंडळ, आणि समोर बंधारा. या किल्ल्याचा खरा पहारेकरी पाणीच होतं, हे तिथं बसून जितकं कळतं तितकं कुठलीही पाटी वाचून कळत नाही. वेढा पडला तरी आतल्या माणसांना आणि घोड्यांना पाणी कमी पडायचं नाही, आणि नदीच्या बाजूनं शत्रूला सहज येता यायचं नाही. एकाच भिंतीनं दोन्ही कामं केली.

बोटीतून उतरलात की बंधाऱ्याच्या पोटात जा. होय, पोटातच. भिंतीच्या आत पायऱ्या उतरून खाली महाल आहे, त्याला पाणीमहाल म्हणतात. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३ साली, मीर महंमद इमादीन नावाच्या स्थापत्यकारानं तो बांधला, असं तिथला फारसी शिलालेख सांगतो. या महालाकडं पाहून मित्रांचे डोळे उजळतील आणि शत्रूंच्या डोळ्यांपुढं अंधारी येईल, अशा अर्थाचा मजकूर त्यात आहे. नदीला पूर आला की बंधाऱ्यावरून दोन ठिकाणी पाणी कोसळतं. एक नर धबधबा, एक मादी. पाणी डोक्यावरून जातं, समोर पडद्यासारखं पडतं आणि आत महालात माणूस कोरडा उभा असतो. रिगीची रेल्वे रिगेनबाख या अभियंत्यानं उभी केली हे तिकडं लेकरांना शाळेत सांगतात. इमादीनचं नाव आपल्या लेकरांना कोण सांगणार? म्हणून म्हणतो, तू सांग. काळ्या दगडात आणि चुन्यात चारशे वर्षांपूर्वी बांधलेली भिंत अजून पुराला छाती देऊन उभी आहे.

उंचावरून बघायचं ते सगळ्यात शेवटी. किल्ल्यात उपळ्या बुरूज आहे. तटाला न लागता आतल्या बाजूला सुटा उभा असलेला, किल्ल्यातला सर्वांत उंच. पाऊणशेच्या आसपास पायऱ्या आहेत. वर दोन लांबलचक तोफा. वर पोचलं की मघाशी आपण ज्यातून फिरलो ते पाणी, नदीचं वळण, रणमंडळ, नळदुर्ग गाव आणि चहूकडचं माळरान एका नजरेत येतं. हाच क्रम ठेवा. आधी वर चढलात तर खालचं पाणी नुसतं तळं वाटेल. आधी बोटीतून भिंतींच्या पायथ्याशी फिरून आलात तर वरून प्रत्येक भिंत ओळखता येईल. नऊ पाकळ्यांचा नवबुरूजही मग चुकवू नका. बांधकामाची आवड असेल तर तिथं वेळ हाताशी ठेवून जा.

आता वेळेचं. वरचं बोरी धरण भरून सांडव्यावरून पाणी सुटलं, की नर-मादी सुरू होतात. आमच्याकडं खरा पाऊस परतीचा. सप्टेंबरची अखेर, हस्ताच्या सरी. तुझी सुट्टी ऑक्टोबरात आहे हे फार बरं झालं. उन्हाळ्यात आलीस तर किल्ला दिसेल, नर-मादी दिसणार नाहीत. पाऊसच कमी झाला तर ऑक्टोबरातही बंधारा कोरडा राहू शकतो. तरीही यावं, कारण त्या कोरड्या भिंतीवर पाण्याच्या वाटा नीट बघायला मिळतात. बोटी पाण्याच्या पातळीवर अवलंबून असतात, तेव्हा निघायच्या आदल्या दिवशी नळदुर्गात कुणाकडून तरी विचारून घेऊ. ते काम माझ्याकडं.

– तुळजापूरचे काका

———

विषय: उत्तर – आपल्या गावाकडं काही आहे का?

नमस्कार ताई, नमस्कार काका,

माझं माहेर सोलापूर, त्यामुळं दोन शब्द. नवरात्र ते कोजागरी या दिवसांत तुळजापूरला भाविकांचा महापूर असतो. कोजागरीच्या सुमारास सोलापूर–तुळजापूर रस्ता पायी चालणाऱ्यांसाठी वाहनांना बंद ठेवतात. तारखा बघूनच गाडी ठरवा. हैदराबादला विमानानं उतरणार असाल तर प्रश्नच नाही, हुमनाबाद, उमरगा करत त्याच महामार्गानं थेट नळदुर्ग येतं आणि तिथून लातूरला जाता येतं.

वडिलांना उपळ्या बुरुजावर न्यायचा आग्रह धरू नका. दगडी पायऱ्या उंच आहेत आणि उतरताना गुडघे बोलायला लागतात. त्यांना बोट आणि वरून बंधारा एवढं पुरे. पाणीमहालाच्या पायऱ्या ओल्या असतात, हात धरून न्या. लेकरांच्या पायात पकड असलेले बूट हवेत. आणि खरंच सांगते, कठड्यावर बसून सेल्फी नको. पावसाळ्यात शेवाळ धरतं.

काकांनी एक गोष्ट लिहिली नाही, म्हणून मी लिहिते. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय सैन्य सोलापूरकडून निजामाच्या हद्दीत शिरलं, तेव्हा पहिली मोठी लढाई नळदुर्गलाच झाली. बोरीवरचा पूल शाबूत हाती लागला म्हणून रणगाडे आणि गाड्या पुढं जाऊ शकल्या. १७ सप्टेंबरला निजामानं शरणागती पत्करली. आम्ही तो दिवस मराठवाडा मुक्तिदिन म्हणून पाळतो, पण तिकडं जन्मलेल्या लेकरांना तो फक्त तारीख म्हणून कळतो. बुरुजावरून बोरी दाखवा आणि तिथंच हे सांगा. माझ्या आजीच्या तोंडी "नळदुर्ग पडलं" हे शब्द शेवटपर्यंत होते. रझाकारांच्या भीतीनं घरदार सोडून सोलापूरला आलेली बाई होती ती. त्या बातमीनंतर तिनं पहिल्यांदा गावी परतायचा विचार केला.

– बासेलहून, सोलापूरची माहेरवाशीण

———

विषय: उत्तर – आपल्या गावाकडं काही आहे का?

मंडळी, पैठणच्या नाथसागराचं काय? पाणी तर तिथं जास्त आहे आणि आमचं गाव जवळ पडतं.

– जिनिव्हाहून

———

विषय: उत्तर – आपल्या गावाकडं काही आहे का?

नाथसागरासाठी डिसेंबर-जानेवारीत या, हिवाळी पक्षी बघायला. त्यासारखी जागा नाही. पण जायकवाडीच्या काठाला उंच टेकडी नाही, आणि या लेकराला चढायचं आहे. म्हणून नळदुर्गच.

– तुळजापूरचे काका

———

विषय: उत्तर – आपल्या गावाकडं काही आहे का?

काका, ताई, मनापासून आभार. काल रात्री लेकरांना पाणीमहालाचं वाचून दाखवलं. थोरलीनं लगेच कागदावर बंधारा काढला आणि विचारलं की पाण्याचा दाब आतल्या खोलीवर का पडत नाही. मी अभियंता असूनही तिला नीट सांगायला मला बसून विचार करावा लागला. बंधाऱ्याचा खालचा, जाड भाग पाणी पेलतो आणि खोली त्या जाडीतच कोरलेली आहे, असं सांगितलं. तिथं गेल्यावर ती स्वतः तपासणार आहे, असं तिनं जाहीर केलंय.

बाबांशी फोनवर बोलले. त्यांना फार आनंद झाला. ते शाळेत असताना सहलीला नळदुर्गला गेले होते, हे मला आजच कळलं. बोटीत बसणार म्हणाले. बुरुजाचं म्हणाल तर तिथं गेल्यावर बघू, असं त्यांचं उत्तर. ताई, त्यांना मी अडवेन.

आम्ही हैदराबादला उतरतोय, कोजागरी टाळून तारखा ठरवल्या आहेत. मंडळातलं आणखी कुणी त्या सुमारास गावी असेल तर कळवा, एकत्र जाऊ. काका, बाबांनी एक विचारायला सांगितलंय. खंडोबाचं दर्शन त्याच दिवशी होईल का?

– झुरिकहून, लातूरची लेक

———

विषय: उत्तर – आपल्या गावाकडं काही आहे का?

होईल, पण अणदूरला. देव वर्षातले सव्वादहा महिने अणदूरला असतात आणि पावणेदोन महिने नळदुर्गला, मैलारपुरात. नेताना-आणताना दोन्ही गावच्या मानकऱ्यांमध्ये लेखी करार होतो, ती रीत अजून पाळली जाते. नळदुर्गचा मुक्काम थंडीत, पौष पौर्णिमेच्या यात्रेला. ऑक्टोबरात देव अणदूरला. गाव त्याच महामार्गावर, जवळच आहे. सकाळी लवकर नळदुर्ग करू, ऊन चढलं की अणदूर, आणि दुपारची भाकरी आमच्या घरी. किती जण येताय तेवढं कळव, म्हणजे तसं घरी सांगून ठेवतो.

– तुळजापूरचे काका